फी माफ होणार की नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच ठरतं

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. मोठी मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटी दिली, कॉम्प्युटर किंवा आयटीला जायचं म्हणते. यजमान खाजगी कंपनीत सुपरवायझर, हातात 22-23 हजार येतात. ताई घरून पोळीभाजीचे डबे देतात. दोघांचं मिळून वर्षाला चार लाखांच्या आसपास जातं. जात ओबीसीत, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. धाकटा दहावी झालाय, त्याला डिप्लोमाला घालायचंय. एका एजंटनं सांगितलंय की कॅप राउंडच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, नादी लागू नका, 'मॅनेजमेंट'मधून सीट पक्की करून देतो, स्कॉलरशिपचं मागाहून बघू. तर स्कॉलरशिपचे फॉर्म कधी निघतात, आणि तोपर्यंत दागिने मोडावेत की कर्ज काढावं?

ताई, आत्ता दोन्ही नको. आणि त्या एजंटला आजच नाही म्हणून कळवा. मुंबईतल्या एका कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात माझी उमेदीची वर्षं गेली. आता आमच्या भागातल्या मुलांचे फॉर्म भरून देते. या सगळ्या काळात फी माफीला मुकलेली जी मुलं पाहिली, त्यातली बहुतेक फॉर्म चुकला म्हणून मुकली नव्हती. फॉर्म निघण्याच्या कितीतरी आधी, प्रवेश घेतानाच त्यांची वाट बंद झाली होती. म्हणून फॉर्म कधी निघतात यापेक्षा जागा कुठल्या प्रकारची मिळतेय, हे तुम्ही आधी विचारायला हवं.

राज्य सरकारची फी सवलत ज्या प्रवेशांना मिळते ते प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे राज्याच्या सीईटी सेलच्या (प्रवेश परीक्षा कक्षाच्या) कॅप राउंडमधून झालेले असावे लागतात. खाजगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात काही जागा संस्थेच्या पातळीवर भरल्या जातात, त्यालाच लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात. त्या जागेवर मुलगी गेली की महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, कितीही नीट फॉर्म भरा, योजना लागत नाही. 'नंतर लावून घेऊ' असं जे तुम्हाला सांगितलंय ते कुणाच्याही हातात नाही, ना एजंटच्या, ना कॉलेजच्या क्लार्कच्या. शिवाय त्या जागाही 2015 च्या कायद्याप्रमाणे गुणवत्तेनंच भरायच्या असतात, आणि ठरवून दिलेल्या फीबाहेर पैसे घेण्याला राज्यात 1987 पासून कायद्यानं बंदी आहे. एजंट जे 'वरचे' पैसे मागेल त्याची पावती मिळणार नाही, आणि पावती नसलेले पैसे परत मागता येत नाहीत.

आता तुमच्या मुलीला काय मिळू शकतं ते सांगते, कारण हे तुमच्यापर्यंत नीट पोचलेलंच दिसत नाही. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गातल्या, ज्यांच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत आहे अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण, म्हणजे 100 टक्के सवलत मिळते. आधी ती निम्मी होती. तुमचं उत्पन्न चार लाख, म्हणजे तुम्ही त्यात अगदी आरामात बसता. अट तीच, प्रवेश कॅपमधून. आणि एक गोष्ट मुंबईत फार जपायची आहे. अभिमत विद्यापीठं आणि खाजगी विद्यापीठं या योजनेत नाहीत. इथली कित्येक नावाजलेली कॉलेजं गेल्या काही वर्षांत खाजगी विद्यापीठ झालीत किंवा एखाद्या विद्यापीठाचा भाग झालीत. इमारत तीच, गेटवरचं नाव जवळपास तेच, शेजारच्या काकांचा मुलगा तिथूनच फी माफीवर शिकलेला, त्यामुळे माणसाला वाटतं आपल्यालाही मिळेल. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीचा अर्ज, भरताना प्रत्येक कॉलेजचं नाव सीईटी सेलच्या यादीत आहे का आणि ते सध्या कुठल्या विद्यापीठाला संलग्न आहे, एवढं मुलीला बघायला लावा.

ऑप्शन फॉर्ममध्येच आणखी एक सोय असते, टीएफडब्ल्यूएस नावाची. उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या कुठल्याही जातीच्या मुलामुलींसाठी मंजूर संख्येच्या वर 5 टक्के जागा असतात आणि त्यांना शिक्षण शुल्क लागतच नाही. कटऑफ मात्र चढा असतो, आणि एकदा ती जागा घेतली की पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. तुमच्या मुलीला मुलींच्या योजनेतून पूर्ण माफी मिळण्यासारखी असल्यानं टीएफडब्ल्यूएससाठी मनाजोगतं कॉलेज सोडू नका. तुमच्या ओळखीत कुणी खुल्या प्रवर्गातला, बेताच्या उत्पन्नाचा मुलगा असेल तर त्याला मात्र हे जरूर सांगा. त्याला एरवी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मीच सवलत मिळते.

'पूर्ण माफी' म्हटल्यावर घरच्यांना वाटतं एक रुपया लागणार नाही, आणि मग प्रवेशाच्या दिवशी काउंटरवर घाम फुटतो. माफी आहे ती शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची. कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि त्यात शिक्षण शुल्काबरोबर विकास शुल्क असतं. विकास शुल्क तुम्हालाच भरायचं असतं. समजा एखाद्या कॉलेजची फी 1 लाख 20 हजार ठरली आणि त्यातले 15 हजार विकास शुल्क असलं, तर ते 15 हजार, वर अनामत रक्कम, विद्यापीठाची किरकोळ शुल्कं, ओळखपत्र, विमा असं धरून 20-25 हजारांची तयारी पहिल्या दिवशी लागेल. म्हणून कॉलेज पसंतीत टाकण्याआधी त्याच्या फीचा तपशील बाबनिहाय बघा. दोन कॉलेजांची एकूण फी सारखी असली तरी एकाचं विकास शुल्क दुसऱ्याच्या दुप्पट असू शकतं, आणि तुमच्या खिशातून जाणारा पैसा त्यावरच ठरतो. कॉलेजच्या वेबसाइटवर हा तपशील नसेल तर जाऊन विचारा, लेखी मागा. तो सांगायला कॉलेज बांधील आहे.

आता कागद. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण घोळ सगळे इथे होतात.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, आणि 31 मार्चला संपलेल्या आर्थिक वर्षाचा लागतो. म्हणजे एप्रिल उजाडल्यावर काढलेला. गेल्या वर्षीचा दाखला कपाटात आहे म्हणून निवांत राहू नका, त्याची मुदत मार्चअखेर संपलेली असते. भांडुप कुर्ला तालुक्यात येतं आणि त्या तालुक्याचं तहसील कार्यालय मुलुंडला आहे. अर्ज आपले सरकार पोर्टलवर घरून करता येतो किंवा सेतू केंद्रातून. यजमानांचा फॉर्म 16 किंवा पगाराची स्लिप, रेशनकार्ड, लाईट बिल, आधार एवढ्यावर काम होतं. लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे हा दाखला 15 दिवसांत मिळायला हवा, आणि नाही मिळाला तर पोर्टलवरूनच अपील करता येतं. जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांसाठी जोडायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. केंद्राबाहेर बसलेला माणूस स्टॅम्पपेपर घ्यायला लावत असेल तर साध्या कागदावर चालतं असं त्याला ठामपणे सांगा.

उत्पन्न खरं दाखवा, डब्यांचंही धरून. काही जण सल्ला देतील की कमी दाखवा, दाखला लवकर मिळतो, जास्त योजना लागतात. तुम्हाला त्याची गरजच नाही, कारण मर्यादा 8 लाखांची आहे. आणि यजमानांचा पगार त्यांच्या फॉर्म 16 मध्ये आहे. उद्या कर्ज काढायची वेळ आली की बँक तोच कागद मागणार. एका घरात मी पाहिलंय, घरकर्जासाठी रिटर्न वाढवून भरलेला आणि मुलाच्या दाखल्यावर आकडा निम्मा. छाननीत दोन्ही कागद एकाच टेबलावर आले आणि अर्ज परत गेला. मुलगा हुशार, पण वर्षभर त्याचं लक्ष अभ्यासात राहिलं नाही.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र (ओबीसीतल्या प्रगत गटात मोडत नसल्याचं) हे दोन वेगळे कागद आहेत, एक काढला की दुसरा नको असं होत नाही. नॉन-क्रीमीलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न वेगळ्या पद्धतीनं पाहिलं जातं, तर उत्पन्नाच्या दाखल्यात सगळंच येतं. कॅपसाठी नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं हवं. जुनं असेल तर त्यावरची तारीख आजच बघून घ्या.

जात पडताळणी, म्हणजे जातीचा दाखला खरा आहे का याची सरकारी समितीकडून होणारी तपासणी, हा तुमच्यासारख्या, गाव कोकणात आणि पोट मुंबईत असलेल्या घरांचा खरा कस लागण्याचा भाग. ओबीसीसाठी पुरावा लागतो तो 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. त्या तारखेला तुमच्या यजमानांचे वडील किंवा आजोबा जिथे राहत होते तिथला. तेव्हा ते गिरणीत लागून लालबाग-परळला आले असतील तरी शाळा गावातच झालेली असते. म्हणून पहिला शोध गावच्या मराठी शाळेत. तिथल्या जनरल रजिस्टरमध्ये आजोबांचं नाव, जात, जन्मतारीख यांची एक ओळ असते, त्या ओळीचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानं मिळतो. शाळेत नाव नसेल, आणि त्या पिढीत शाळेत न गेलेले खूप जण होते, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही बघायची. तिथे आजोबांच्या किंवा त्यांच्या भावंडांच्या जन्माची नोंद सापडू शकते. या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात. मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं.

मला आठवतंय, लालबागच्या एका मुलीचे वडील असेच गावी गेले होते. शाळेचं रजिस्टर मिळालं, आजोबांचं नाव मिळालं, पण त्या ओळीत आडनावाच्या जागी वाडीचं नाव लिहिलेलं. जुन्या काळी मास्तर मुलाला ज्या नावानं ओळखायचे तेच लिहायचे. त्या एका ओळीवर समितीला समाधान झालं नसतं. मग चुलत आजोबांची नोंद शोधली, त्यात आडनाव होतं आणि वडिलांचं नाव दोघांचं एकच. वंशावळीच्या शपथपत्रात दोन्ही नावं दाखवून ते जुळवलं. हे काम करायला वेळ लागतो, गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं लागतं, आणि हे सगळं प्रवेशाच्या घाईत नाही होत. तुमच्या मुलीची पडताळणी झालेली नसेल तर गणपतीची वाट न बघता कुणीतरी या आठवड्यात गावी जाऊन या. आणि त्याआधी एक फोन करा. यजमानांच्या सख्ख्या भावाकडे, पुतण्याकडे, वडिलांकडच्या कुणाहीकडे पडताळणीनंतर मिळणारं वैधता प्रमाणपत्र आहे का ते विचारा. असेल तर तुमचा अर्धा रस्ता तिथेच संपतो. पडताळणीचा अर्ज ज्या जिल्ह्यातून जातीचा दाखला काढला आहे त्या जिल्ह्याच्या समितीकडे जातो, हेही लक्षात असू द्या. दाखला रत्नागिरीचा असेल तर समितीही रत्नागिरीचीच.

समितीकडे अर्ज केल्याची पावती जपून ठेवा. कॅपमध्ये पावतीवर तात्पुरतं भागवून घेण्याची मुभा दिली जाते, पण मूळ प्रमाणपत्र देण्याची शेवटची तारीख ठरलेली असते. ती हुकली की मुलगी खुल्या प्रवर्गात धरली जाते आणि मिळालेली जागा हातची जाऊ शकते.

नावांचं एक बघा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं वेगळ्या ओळीत. आधारवर नुसतं मुलीचं नाव आणि आडनाव. बँकेत कधी वडिलांचं नाव घातलेलं, कधी फक्त इंग्रजी आद्याक्षर. महाडीबीटीची प्रोफाइल आधारवरून तयार होते आणि कागद मार्कशीटप्रमाणे चढवायचे असतात. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी छाननी करणारा क्लार्क थांबतो, आणि त्याचं चुकत नाही. दहावीची मार्कशीट प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. आधार केंद्रात हे काम लवकर होतं, बोर्डाची मार्कशीट बदलणं मात्र फार जिकिरीचं.

बँक खात्याबद्दल मी प्रत्येक पालकाला सांगते आणि तरी प्रत्येक वर्षी कुणीतरी अडकतंच. सरकारी पैसा खाते क्रमांकावर येत नाही. तो आधारला जोडलेल्या खात्यात येतो, आणि आधारला एका वेळी एकच खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट जमा होण्यासाठी) जोडलेलं असतं, सगळ्यात शेवटी जोडलेलं. विक्रोळीची एक मुलगी महिनोन्‌महिने माझ्याकडे येत होती. पोर्टलवर पैसे जमा दाखवत होते आणि पासबुकात काही नव्हतं. शेवटी आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस काढलं तेव्हा कळलं, कधीतरी मोबाईलवर एक पेमेंट्स बँकेचं खातं उघडलेलं, ते तिच्या आधारला लागलेलं, आणि पैसे निमूट तिथे पडलेले. तुमच्या मुलीचं हे स्टेटस आत्ता, ही ओळ वाचता वाचता काढून बघता येईल. मुलीच्या स्वतःच्या नावाचं, चालू खातं तिथे दिसायला हवं, तुमचं किंवा यजमानांचं नाही. लहानपणी उघडलेलं अज्ञान खातं असेल तर 18 पूर्ण झाल्यावर बँकेत जाऊन ते बदलून घ्या, नाहीतर ते गोठवलेलं असतं.

हे सगळं जागेवर असलं की प्रत्यक्ष फॉर्म भरणं म्हणजे एका दुपारचं काम आहे. प्रवेश पक्का झाल्यावर आणि त्या वर्षाचे अर्ज खुले झाल्यावर मुलीनं महाडीबीटीवर स्वतः लॉगिन करून भरावा. पासवर्ड तिच्याकडेच राहू द्या, सायबर कॅफेवाल्याकडे नको. पुढची चार वर्षं तोच लॉगिन लागणार आहे. फॉर्म आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग तिथून विभागाकडे. 'सेंट बॅक' असा शेरा आला तर घाबरायचं कारण नाही, काय दुरुस्त करायचंय ते तिथेच लिहिलेलं असतं, पण ते वेळेत दुरुस्त करून परत पाठवलं पाहिजे. मुलं फॉर्म भरला की पोर्टल बघतच नाहीत. दर रविवारी एकदा लॉगिन उघडायची सवय लावा. आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा करायचा असतो, आपोआप पुढे चालू राहत नाही. त्यासाठी दर एप्रिलमध्ये उत्पन्नाचा दाखला नवा.

मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 50 हजार, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. बारावीला चांगले टक्के असतील तर बारावीच्या गुणांवर केंद्राचीही एक शिष्यवृत्ती मिळते, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला 12 हजार. तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख आहे, म्हणजे तुम्ही त्यातही बसता. पण या योजनांबरोबर दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेता येत नाही, एकच निवडावी लागते. शिक्षण शुल्क लाखाच्या घरात असेल तर राज्याची पूर्ण माफी सरळ सरस ठरते. मुलीला सरकारी किंवा अनुदानित कॉलेज मिळालं आणि तिथलं शुल्क थोडकं असलं, तर मात्र आकडेमोड करून मग ठरवा. प्रगती ही ठरावीक संख्येची आणि गुणवत्ता यादीवर मिळणारी आहे, त्यामुळे तिच्या भरवशावर हातातली माफी सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दागिने आणि कर्ज. वर सांगितलेली 20-25 हजारांची रक्कम, लॅपटॉप, पुस्तकं आणि लोकलचा पास एवढंच तुम्हाला उभं करायचंय. त्यासाठी मंगळसूत्र मोडू नका. लॅपटॉप पहिल्या सेमिस्टरला लागतोच असं नाही, कॉलेजच्या लॅबमध्ये भागतं. पासाला कॉलेजचं कन्सेशन मिळतं. पुस्तकांसाठी कॉलेजच्या लायब्ररीत बुक बँक असते, तिथे पहिल्या आठवड्यातच नाव घाला, संच लवकर संपतात. मुंबईत काही देवस्थानं आणि मोठी गणेशोत्सव मंडळंही पुस्तकपेढी चालवतात, तुमच्या भागातल्या मंडळात चौकशी करा.

कॅपमधून जागा मिळाली नाही, किंवा काही कारणानं योजनेबाहेरच्या कॉलेजात जायची वेळ आली, तर कर्जाचा विचार करा आणि तो पतपेढी किंवा सावकाराकडे न जाता बँकेतून करा. शैक्षणिक कर्जाला राष्ट्रीयीकृत बँकेत 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. त्यात ठरावीक गुणवत्ता यादीतल्या संस्थांमध्ये प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार दोन्ही नको, अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम व्यावसायिक असेल तर शिक्षणाच्या काळातलं आणि त्यानंतरच्या एका वर्षाचं सगळं व्याज सरकार भरतं. साडेचार ते आठ लाखांच्या घरांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्क्यांची सवलत आहे, पण दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा लाभ घेणाऱ्यांना ती नाही. मुलीचं कॉलेज त्या यादीत आहे का हे आधी बघा. कर्ज लागेल तेवढंच घ्या. बँक जास्त द्यायला तयार असली तरी त्या पैशात मोटारसायकल किंवा घराचं रंगकाम घुसवू नका, परतफेड मुलीच्या पहिल्या पगारातून होणार आहे.

धाकट्याचं थोडक्यात सांगते. डिप्लोमालाही प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्या, ओबीसी मुलांना निम्म्या शिक्षण शुल्काची सवलत आहे. वांद्र्याला खेरवाडीचं शासकीय तंत्रनिकेतन मिळालं तर फी मुळातच कमी. के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्टची तंत्रनिकेतनाच्या मुलांसाठी वर्षाला 10 हजारांची शिष्यवृत्ती तीन वर्षं मिळते, पहिल्याच वर्षी अर्ज करावा लागतो आणि मुलाखत होते. मुलगा बोलायला लाजत असेल तर त्याला घरी दोनचार वेळा स्वतःबद्दल बोलायला लावा. ठाण्याच्या विद्यादान सहाय्यक मंडळासारख्या संस्थाही गरजू, होतकरू मुलांचा खर्च उचलतात आणि मार्गदर्शक कार्यकर्ता जोडून देतात. खाजगी ट्रस्टच्या अर्जात घरची परिस्थिती लिहायला जागा असते. तिथे मोठाले शब्द नकोत. पहाटे किती वाजता उठून किती डबे करता, भाडं किती, औषधांना किती जातात, हे सरळ लिहा. वाचणाऱ्याला त्यातूनच घर दिसतं.

शेवटचा भाग प्रवेशाच्या दिवसाचा. काही कॉलेजं म्हणतात, आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. पात्र विद्यार्थ्यांकडून माफीची रक्कम आधी घेऊ नये अशा शासनाच्या स्पष्ट सूचना आहेत. काउंटरवर आवाज चढवू नका. एक अर्ज आधीच लिहून न्या. त्यात मुलीचं नाव, कॅपमधून मिळालेली जागा, प्रवर्ग, उत्पन्नाचा दाखला क्रमांक, आणि 'मी शिक्षण शुल्क माफीस पात्र असून फक्त विकास शुल्क व इतर शुल्क भरत आहे' एवढं वाक्य. दोन प्रती, एकीवर पोचचा शिक्का आणि तारीख. शिक्का द्यायला नकार दिला तर तोच अर्ज प्राचार्यांच्या ईमेलवर पाठवा. बहुतेक वेळा शिक्का मागितल्यावरच उत्तर बदलतं. पुढे शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा आला म्हणून परीक्षेचा फॉर्म किंवा निकाल अडवला तर तीच पोच घेऊन तंत्रशिक्षणाच्या सहसंचालक कार्यालयात जा. मुंबई विभागाचं ते कार्यालय वांद्रे पूर्वेला खेरवाडीच्या शासकीय तंत्रनिकेतनाच्या आवारात आहे. तक्रार लेखी द्या आणि तिचीही पोच घ्या. जाताना मुलीला सोबत न्या, बोलायचं तिनं, तुम्ही शेजारी उभं राहा.